सतरा नंबरवरची मुलगी

इंग्रजी मला येत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे कुणीतरी विचारणारच, की मग त्या इंग्रजीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं बाई तुम्ही करत काय होता? कुलूप उघडत होते. पंखे लावत होते. वीस हेडफोन स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत होते, कारण एकेका पोराच्या डोक्याला इतकं तेल असतं की त्यात भजी तळावीत. आणि दर शनिवारी, कॉलेज सुटल्यावर, मुलांनी आठवडाभर केलेलं रेकॉर्डिंग मशीनवरून पुसून टाकत होते. हे शेवटचं काम नीट लक्षात ठेवा. ते मी एकदा वेळेवर केलं नाही, आणि त्याचीच ही सगळी कथा.

लॅबमध्ये वीस खण आहेत. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, मधे एक खुर्ची, कॉम्प्युटरचा एक पडदा, एक माइक. आत बसलं की शेजारचा दिसत नाही. सगळ्यांचे आवाज माझ्या टेबलावरच्या मोठ्या मशीनमध्ये येऊन पडतात. शब्द कळत नसले तरी माणूस कळतो. कोण घाबरलंय, कोण पाठ करून आलंय, कोण नुसतं तोंड हलवतंय, मी डोळे मिटून सांगेन.

वर्गाची गोष्ट वेगळी. तिथं इंग्रजीत कुणी तोंड उघडलं रे उघडलं, की मागच्या बाकावरची पोरं उभी राहून कडक सलाम ठोकतात. "साहेब आले, साहेब आले!" सगळा वर्ग खिदळतो. एकदा तो सलाम मिळाला की त्या पोराची तीन वर्षं तीच ओळख. मग कोण बोलतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅडम बिचाऱ्या फळ्यासमोर उभ्या राहून स्वतःच प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात.

गंमत म्हणजे सलाम ठोकणारी हीच पोरं एकेकटी माझ्याकडे येतात. "मावशी, कुणाला सांगू नका हं, अर्धा तास बसू द्या." एक जण तर इंग्रजीचं पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा. म्हटलं, काय रे, चोरीचा माल आहे का? तर म्हणतो, घरी आई म्हणते शीक, पण आमच्यासमोर बोलू नकोस, आम्हाला तू परका वाटतोस. घ्या! शिकायचं तर आहे, पण शिकलेलं दिसता कामा नये.

तर ती मुलगी. दुसऱ्या वर्षाला होती. टेलरची मुलगी. वर्गात तिला सगळे घुमी म्हणायचे. वर्गात काय, कॅन्टीनमध्येसुद्धा हिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. लेखी पेपरात नंबरात यायची आणि तोंडी परीक्षेत दोनदा नापास झाली होती. तोंडी परीक्षेला दोन परीक्षक समोर बसतात, आणि त्यांच्या कागदावर एक रकाना असतो, मुलगा डोळ्याला डोळा देऊन बोलतो का याचा. मॅडमनीच मला सांगितलं. ही खाली मान घालून बसली की तिथं भोपळा.

मला तर असा संताप आला! अहो, तीन वर्षांची असल्यापासून तिला शिकवलंय, मोठ्यांच्या नजरेला नजर भिडवायची नाही. भिडवली तर थोबाडीत. वीस वर्षं आम्ही घरी ज्याला संस्कार म्हणतो, त्याचेच तुम्ही इथं मार्क कापता. मॅडमना मी हे तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, "मावशी, नियम मी केलेले नाहीत." तेही खरंच.

तिसऱ्यांदा नापास झाली तर नाव कटणार होतं. मग घरी, वडिलांच्या दुकानात, थोरल्या बहिणीशेजारी. तिथं एक मशीन रिकामंच होतं.

मधल्या सुट्टीत ती यायची, डबा न खाता. कोपऱ्यातला सतरा नंबर तिचा ठरलेला. पहिले आठ दिवस काहीच नाही. नुसता श्वास. नवव्या दिवशी मी माझी पोळी खात होते, आणि मशीनमध्ये एक आवाज आला. मला वाटलं, कुणी दुसरीच बसली. उठून बघितलं तर हीच. मान वर, डोळे समोरच्या पडद्यावर, आणि पोरगी बोलत होती! अडखळत नव्हती. धरण फुटावं तशी. मधेच आवाज चढायचा, मधेच थांबून दम घ्यायची आणि परत सुरू.

"कुणाला झापत होतीस गं?" ती बाहेर आल्यावर मी विचारलं.

"पाठांतर करते, मावशी," म्हणाली, आणि पुन्हा खाली मान.

मला काय, आनंदच झाला. घुमी बोलते! रोज मधली सुट्टी झाली की मी कान लावून बसायचे. कळत काही नव्हतं, पण आवाज ओळखीचा झाला. त्या शनिवारी सगळे खण पुसले, आणि सतरा नंबर राहू दिला. हात धजला नाही. पुढच्या शनिवारीही तसंच.

हळूहळू ती माझ्याशी बोलायला लागली. आई लहानपणीच गेली. पुढे दुकान, मागे एक खोली. बाप वाईट नाही, कष्टाळू आहे, पोरींना उपाशी ठेवलं नाही. पण गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की यांचं सुरू. "बोल गं, साहेबांशी इंग्रजीत बोल. आमची कॉलेजात आहे." ती दोन वाक्यं बोलली की मिशीत हसणार. आणि तासाभरानं हिनं आपल्याच भाषेत म्हटलं, की बाबा, ताईला दोन दिवस सुट्टी द्या, तिची बोटं सुजलीत, तर लगेच, "तोंड वर करून बोलतेस? याचसाठी शिकवलं?" म्हणजे पोरीनं बोलायचं, पण सांगायचं काही नाही.

थोरली तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. काज करते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शर्टाच्या काजांना हातानं टाके. "माझे इंग्रजीचे निबंध ताईच तपासते," ही मला एकदा म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे ती कॉलेजात गेलेली? "नाही हो. दहावीच्या आधीच काढली. माझी पुस्तकं वाचते, काज करता करता मांडीवर ठेवून. मी धडा मोठ्यानं वाचते आणि ती चूक सांगते. बाबांना वाटतं मी एकटीच घोकतेय."

मग तो सोमवार आला. तोंडी परीक्षा शनिवारी होती. साडेअकराच्या सुमाराला दारात एक माणूस उभा. गळ्यात मापाची टेप तशीच, काढायची राहिलेली. चपला बाहेर काढून आत आला, देवळात यावं तसा.

"घुमीचे वडील का?" मी म्हटलं, आणि जीभ चावली. "म्हणजे, तुमच्या मुलीचे..."

"तिला न्यायला आलोय, बाई," तो म्हणाला. "मॅडमना भेटून आलो. दोनदा नापास म्हणजे काय राहिलं? परीक्षेत परत शोभा करून घेण्यापेक्षा आत्ताच नेतो. तिच्या तोंडून शब्दच निघत नाही म्हणतात. घरी गिऱ्हाइकासमोर बोलते तेवढंच. पोपट आहे नुसता."

पोपट म्हणाला आणि माझं डोकं फिरलं. मुलगी तासाला होती. विचारायला जायला हवं होतं. पण मी कसली थांबते! रागाच्या भरात मला नेहमी वाटतं की मीच शहाणी.

"शब्द निघत नाही? बसा इथं!" मी त्याला माझ्या खुर्चीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि सतरा नंबरचं रेकॉर्डिंग लावलं.

आधी तो घाबरला, खुर्चीच्या कडेवर टेकला. मग चेहरा हळूहळू सैल झाला. "ही... ही आमची?"

"मग काय माझी?"

तो ऐकत राहिला. त्याला एक शब्द ओळखू आला, तो आला की माझ्याकडे बघून बोट वर करायचा. "फादर म्हणाली. बघा, परत म्हणाली. फादर. माझ्याबद्दल बोलतेय हो!" अहो, त्या माणसाचे डोळे भरले. टेपच्या टोकानं पुसले. "साहेबासारखी बोलते. अडखळत नाही कुठं. बाई, परत लावा." मी परत लावलं. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. आम्ही दोघं अडाणी, एक अक्षर कळत नाही, आणि ते ऐकून एकमेकांकडे बघून हसतोय, रडतोय.

"नाही नेत," तो म्हणाला. "शनिवारी देऊ दे परीक्षा. पण हे मला फोनमध्ये घालून द्या. दुकानात लोकांना ऐकवतो."

मी वायर लावली आणि दिलं घालून. तेवढ्यात पोरगी दारात. वडिलांच्या कानावर हेडफोन, मशीनवर सतरा आकडा. तिचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. रक्त उतरणं म्हणतात ते मी तेव्हा बघितलं.

"अगं, एवढं बोलतेस आणि मला सांगितलं नाहीस!" बाप उठून उभा राहिला. "माझ्याबद्दल काय म्हणालीस गं? सांग की."

तिनं त्याच्या हातातल्या फोनकडे बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "चांगलंच म्हटलंय, बाबा."

तो खूश होऊन गेला. चपला घालताना माझ्याकडे बघून हात जोडले. तो जिना उतरल्यावर ती सतरा नंबरच्या खुर्चीत बसली, आणि मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. आत कुठंतरी कळलं होतं की आपलं काहीतरी चुकलंय.

"काय म्हटलंयस त्यात?"

ती भिंतीकडे बघत सांगायला लागली, आपल्या भाषेत, हळू आवाजात. दुकानात खिळ्यावर कॉलर कापायचे कागदी नमुने टांगलेत. बाबांनी ते ताईच्या शाळेच्या वह्यांमधून कापलेत. ताईला शाळेतून काढली, तेव्हा म्हणाले, आता वह्या काय करायच्यात, कागद चांगला जाड आहे. एका कॉलरवर ताईचा निबंध अजून वाचता येतो. 'मी मोठी झाले की' एवढं आहे. पुढे कात्री चालली.

"मी रोज त्यांना म्हणते, बाबा, तुम्ही ताईला एकदाही विचारलं नाहीत. तिच्या बोटांवर मला शिकवता आणि मला म्हणता बोल. मला तुमचा राग येतो. खूप राग येतो." तिनं नाक पुसलं. "आपल्या भाषेत हे मला म्हणताच येत नाही, मावशी. तोंड उघडलं की आधी 'तुम्ही' येतं, मग भीती येते. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द, 'यू'. तिथं मी कुणाचीच मुलगी नसते."

मी टेबलावरचा हेडफोन उचलून जागेवर ठेवला.

"तुम्ही मला विचारायचं तरी होतंत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मंगळवारी ती आली नाही. बुधवारी नाही. मधली सुट्टी व्हायची, मी सतरा नंबरची खुर्ची पुसून ठेवायचे, हेडफोन सरळ करून ठेवायचे. अख्ख्या जगात त्या पोरीला बोलायला एक लाकडी खण होता आणि तोही मी चव्हाट्यावर मांडला. भलं करायला गेले आणि तिचा गळा धरला. शनिवारी ती नापास झाली तर ते पाप माझं, असं मी स्वतःला शंभरदा सांगितलं. गुरुवारी जिन्यात दिसली. म्हणाली, "बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतात." बस्स. पुढे निघून गेली.

शनिवारी परीक्षा लॅबशेजारच्याच खोलीत होती. बाहेर मुलांची रांग, एकेकाचे ओठ हलतायत, कुणी भिंतीला डोकं टेकलंय. सलाम ठोकणाऱ्यांतला एक सगळ्यात पुढे, घामानं शर्ट चिकटलेला. टेलर आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, पण गळ्यात टेप होतीच. त्याच्या ते ध्यानातच येत नसावं.

मुलीचा नंबर आला. आत जाताना ती माझ्यापाशी थांबली. मी म्हटलं, "पोरी, मला माफ कर गं." ती म्हणाली, "ताईनं निरोप दिलाय. म्हणाली, आज खाली बघू नकोस." मला नव्हे, तिला स्वतःला दिलेला निरोप होता तो, पण सांगितला मला. आणि आत गेली.

दार लोटलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर. आधी परीक्षकांचा आवाज. मग शांतता. इतकी लांब शांतता, की मी बाकाची कड घट्ट धरली. आणि मग आला. तोच आवाज, सतरा नंबरचा. आधी बारीक, मग भरत गेला. बोल, बाई, बोल, मी मनात म्हणत होते.

टेलर दाराकडे कान करून बसला होता. बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे वळला. चेहरा उतरलेला.

"आज फादर नाही आलं. सिस्टर, सिस्टरच चाललंय."

मी दाराकडेच बघत राहिले.

"बाई, एक विचारू?" त्यानं खिशातून फोन काढला, पण लावला नाही, नुसता हातात धरला. "परवा एका गिऱ्हाइकाला ऐकवलं. हापिसात मोठा आहे, इंग्रजी कळतं त्याला. त्यानं निम्मं ऐकलं, फोन परत दिला आणि माप न देताच गेला. त्या दिवशी तिनं नक्की काय म्हटलंय?"

"मला इंग्रजी येत नाही," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मला त्याचं बरं वाटलं.

"मॅडमना विचारू का मग?"

आता बघा, इथं गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण सोमवारी मीच त्याला हसवलं होतं, आणि तो अजून तेच हसू घेऊन गावभर फिरत होता. मला ते बघवेना. रागही आला, त्याचा आणि माझाही.

"मॅडम कशाला? कळणारी तुमच्या घरातच आहे. थोरलीला विचारा."

तो हसला. "मोठीला? तिला कुठलं आलंय इंग्रजी? तिला तर मी दहावीच्या आधीच..." आणि तिथंच थांबला. हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागे माणूस नव्हता.

"सोमवारपासून रोज," तो म्हणाला, इतका हळू की मला वाकावं लागलं, "मी फोन बंद केला की ती काज करता करता म्हणते, बाबा, परत लावा."

आत मुलीचा आवाज चालूच होता. त्यानं गळ्याकडे हात नेला, टेप हाताला लागली तेव्हा दचकला, आणि ती काढून बोटांना गुंडाळत बसला, गुंडाळायचा आणि सोडायचा.

दार उघडलं. मुलगी बाहेर आली, गाल लाल, डोळे चमकतायत. "मावशी, बोलले! सगळं बोलले!" तिच्यामागून मॅडम माझ्याकडे बघून हलकेच मान हलवून गेल्या, म्हणजे पास. आणि मग तिनं वडिलांकडे बघितलं, त्यांच्या हातातल्या फोनकडे, मग माझ्याकडे. बाबांना कळलंय, हे तिला कळलं.

टेलर उठला. मला वाटलं, आता हात उचलतो. मी मधे पडायच्या तयारीत होते, खरंच.

"घरी चल," तो म्हणाला. "जे त्यात म्हणालीस ते मला सांग. मोठीसमोर. मला कळेल अशा भाषेत."

तिची चमक गेली. मान खाली जायला लागली, सवयीनं, आणि मधेच थांबली. तिनं वडिलांच्या डोळ्यांत बघितलं. त्या घरात कुणी कधी बघितलं नसेल असं.

"सांगते, बाबा," ती म्हणाली.

दोघं जिना उतरून गेले, ती पुढे, तो मागे. पुढे त्या घरात काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मी सोमवारीच घालवला होता. मी लॅबमध्ये गेले. शनिवार होता. एकेक करून सगळे खण पुसले, आणि शेवटी सतरा नंबरही पुसून टाकला.